भरमाण्णाचा अर्ज

खानापूरच्या कचेरीबाहेर, चिंचेखाली माझं टेबल.
अर्ज कानडीत, नौदलाचा दाखला इंग्रजीत,
आणि भरमाण्णा कुंभार बोलतो ते मराठीत.
तिन्हींच्या मधे मी, दोन रुपयाला एक पान.

रकाना सातवा: लढाईत काय पाहिले?
"कायबी नाही की," म्हणाला. "मी खाली होतो."

बेळगावात पलटणीच्या भरतीला गेला,
तिथं छाती मोजायच्या आधी जात विचारली.
परत येताना स्टेशनात दुसराच एक साहेब भेटला.
काय येतं तुला?
आग येती.
आव्यात कुठली लाल, कुठली पांढरी,
कुठल्या घटकेला वारा द्यायचा आणि कुठल्या घटकेला तोंड लिंपायचं.
मलप्रभेपेक्षा मोठं पाणी न बघितलेल्या माणसाला
त्यांनी बॉयलरवर घेतलं.

चार दिवस त्या जहाजाच्या मागं.
वर दुर्बिणी, नकाशे, धुकं;
वरून कुणी सांगत यायचं, डोंगराएवढं आहे,
आमच्यासारखी तीन पोटात बसतील,
दिसलं, हरवलं, परत दिसलं.
खाली नुसती एक पितळी तबकडी,
काटा "पूर्ण वेगा"वर, आणि तिथंच अडकलेला.
"माझा दुश्मन म्हणशील तर तो काटा," भरमाण्णा म्हणतो.
"झोपू देत नव्हता."

पाचव्या पहाटे काटा मागं आला.
मग तोफा.
आव्याबाहेर रात्री बसलं की आतल्या आत मडकं तडकतं,
कुंभार मोजत राहतो, किती गेली.
तशीच सवयीनं त्यानं मोजली.
"अर्धा आवा गेला असं वाटलं.
कुणाचा, ते खाली कळत नाही."

नंतर हाक आली: दोर ओढायला माणसं पाठवा.
तो वर आला. उजेड डोळ्यांत मावेना.
जहाज नव्हतंच कुठं.
तेल होतं, हात दोन हात जाड,
आणि तेलात डोकी.
सगळी एका रंगाची. काळी.
कोण कुणीकडचा, ओळखायची सोय नव्हती.

एक मनगट हाताला लागलं.
दोन्ही पंजांत धरलं त्यानं,
ओला गोळा चाकावर धरतात तसं,
फार आवळला तर मोडतो, सैल सोडला तर भिरभिरतो.
वर येत गेलं ते.
कोपर. खांदा. मान.
मिसरूड न फुटलेला ओठ.
त्या ओठांनी काही तरी म्हटलं, त्याच्या भाषेत.

तेवढ्यात पायाखालचं लोखंड थरथरलं.
बघायची गरज नव्हती. काटा पुढं गेला होता.
पाणबुडी दिसली म्हणे कुणाला तरी.
जहाज निघालं,
दोर तसेच लोंबत,
दोरांना माणसं तशीच.

रकाना नववा: अपंगत्व कोणते?
डॉक्टरनं दोन्ही हात दाबून बघितले,
बोटं मिटायला लावली, उघडायला लावली,
"चांगले आहेत" असं लिहून दिलं.
चांगलेच आहेत. टेबलावर ठेवले त्यानं माझ्यापुढं,
रुंद, राखेनं भेगाळलेले.
चाक धाकटा भाऊ चालवतो तेव्हापासून.
हा फक्त आवा बघतो.
पाणी लावलेली माती हातात फिरायला लागली
की उठून जातो, म्हणाला,
आणि गिऱ्हाइकांना वाटतं, म्हातारा आळशी.

मी लिहायला घेतलं. कानडीत शब्द शोधत होतो.
"भरमाण्णा, नीट सांग.
हात सुटला, की सोडलास?"

चिंचेची पानं कागदावर पडत होती, त्यानं ती एकेक करून उचलली.
समोर साडेपाचची बेल झाली,
शिपायानं कचेरीचं दार ओढून घेतलं.
"उद्या येतो गा," म्हणाला,
आणि अर्ध्या पानाचेही पूर्ण दोन रुपये ठेवून गेला.

अर्ज माझ्या खणात आहे.
गुरुवारच्या गुरुवारी
नदीपलीकडून आव्याचा धूर दिसतो.
सरळ चढतो. आग अजून येते त्याला.