घडी घालायच्या टेबलावर

बस, फोर्तुनातो. ब्लँकेट वाळायला अजून चाळीस मिनिटं आहेत.
मेंढ्यांचा वास तीनदा धुतल्याशिवाय जात नाही,
आणि तुला आजच जायचंय कसिनोत,
सहा महिन्यांचा डोंगर पाकिटात घालून.
जाऊ नको म्हणत नाही.
म्हणून कोण थांबलंय विनेमकात?
बावीस वर्षं उभी होते मी त्या टेबलाशी, हातात काठी,
फासे ओढायचे, फासे ढकलायचे.
माणसं ओढायला काठी लागत नाही.

बघ, खडूने रेघ मारते.
ही पास लाइन. एक क्वार्टर ठेव. एकच.
पहिली फेक. सात किंवा अकरा आले, तर तुझे.
दोन, तीन, बारा, तर गेले.
बाकी काहीही पडलं की तो तुझा आकडा,
आणि आता तोच परत यायला हवा
सातच्या आधी.
हो, तोच सात. मघाशी पाहुणा होता, आता वैरी.

गोंधळलास? मेंढ्या मोजतोस ना, तसं मोज.
दोन फासे म्हणजे छत्तीस मेंढ्या, एका फाटकातून.
सहांच्या पाठीवर साताचा रंग.
सहाच्या पाच, आठच्या पाच.
चारच्या तीनच.
बाराची एक, तीही लंगडी, सगळ्यात मागे.

आता कान इकडे कर.
आकडा ठरला की रेघेच्या मागे अजून पैसे ठेवता येतात.
ऑड्स म्हणतात. टेबलावर छापलेलं नसतं,
कारण तेवढ्या एका जागी मालकाला काही सुटत नाही.
चार-दहाला एकाचे दोन,
पाच-नऊला दोनाचे तीन,
सहा-आठला पाचाचे सहा.
रेघेवर थोडे, मागे जास्त.
संपली माझी विद्या.

मधल्या रंगीत चौकोनांकडे बघायचंही नाही.
बारावर एकाचे तीस देतात,
खरा हिशोब पस्तीसचा.
हुरळलेली मेंढी कुणामागे जाते
ते मी तुला काय सांगायचं?

फासे सुटले की हात वर.
आणि एक, तिथे 'सात' हा शब्द तोंडातून काढू नकोस.
हसतोस काय?
तुमच्याकडेही? रात्री कळपापाशी प्युमाचं नाव घेत नाहीत?
मग काय म्हणता त्याला?
'काका'.
बरं. तर काका येईपर्यंतचा हा खेळ.

डेल्मर वीम्स म्हणून एक ट्रकवाला होता.
मी सांगितलं ते सगळं त्याला पाठ.
कधी मधल्या चौकोनांत हात घातला नाही,
कधी ऑड्स चुकवले नाहीत,
वेट्रेसला दर ग्लासामागे डॉलर.
शुक्रवारी आला, सोमवारी पहाटे
ट्रकची किल्ली माझ्यासमोर ठेवली, म्हणाला, मार्वीन, ही धर,
मी चालत जाऊन येतो जरा.
एकही चूक न करता हरला तो.
रेघेवरच्या शंभर डॉलरमागे दीडसुद्धा जात नाही रे,
पण शंभर किती वेळा फिरतात, ते कोण मोजतं?
चांगला कातरणारा कातडीला लागू देत नाही.
लोकर परत उगवावी,
मेंढी परत यावी.

काय म्हणालास?
मग जिंकायची युक्ती कोणती?

थांब, मशीन वाजलं.

हे काय? पाकीट माझ्याकडे का देतोस?
ऐंशीच काढलेस?
बरं, मोजून घेते, तुझ्यासमोर.
साबणाच्या खोक्यावर लिहून देते, नाव, आकडा, आजची तारीख.
सकाळी सहाला उघडते मी.
सातला ये हवं तर.
हो, हो, बोलले. इथे चालतं.

अरे, ब्लँकेट तिथे नको, खडू आहे!
गेलं. उमटली रेघ, बघ, अख्खी पाठीवर.
आण, परत टाकते.
नको?
राहू दे म्हणतोस.
हरवलं तर ओळखता येईल.