उजवीकडचा पीळ

नऱ्ह्याच्या उतारावर, पत्र्याच्या शेडखाली,
शमुवेल मिस्त्रीनं सफारी चार घोड्यांवर चढवली
आणि चावी स्वतःच्या खिशात टाकली.
म्हणाला, मॅडम, चहा घ्या. आज ही तुमची नाही.

दोन हजार दोन सालची. पिंपरीत जन्मलेली.
मी तिसरी मालकीण.

डोंगरासाठी करताय का, त्यानं विचारलं.
वेल्ह्याकडच्या मोजण्या असतात, मी म्हटलं,
ते खोटं नव्हतं. पण खरं कारण
धायरी फाट्यापुढचा गतिरोधक,
कुणीतरी एका रात्रीत घातलेला, पट्टे न मारता.
रोज संध्याकाळी त्यावर गाडीचं पोट घासायचं,
आवाज असा, की कुणी माझ्याच दारावरची
नावाची पाटी खरवडतंय.

मागच्या स्प्रिंगांखाली घालायला
भोसरीत लेथवर कातून आणलेले दोन पिवळे गोल,
नायलॉनचे, पुरीएवढे रुंद, दोन इंच उंच.
शॉकॅब नाना पेठेतून, नेहमीपेक्षा लांब.
इतकीच उंची विकत मिळते.
बाकीची, शमुवेल म्हणाला, पुढून पिळून काढायची.

स्प्रिंग निघाली तशी कुंदननं
तिच्या बैठकीतला गाळ स्क्रू-ड्रायव्हरनं उकरला.
वर काळी माती, आत तांबडी,
अगदी तळाशी चमचाभर वाळू.
काळी माझी, ओळखलीच.
तांबडी माझ्या आधीच्या कुणाची तरी.
आणि वाळू?
आरसी बुकात नुसती नावं असतात.
समुद्रापर्यंत कोण गेलं होतं, कुणाला घेऊन,
ते कुंदननं झाडूनं गटाराकडे लोटलं.

पुढचे बोल्ट गंजून एकजीव झालेले.
डिझेल ओतलं, वाट पाहिली,
हातोडी घातली, पुन्हा वाट पाहिली.
शेजारच्या गिरणीतलं पीठ येऊन
ओल्या लोखंडावर बसत होतं.

पुढे हिला स्प्रिंग नसते.
लांब पोलादी दांडा असतो, एका टोकाला जखडलेला,
दुसऱ्या टोकाला चाकाचा भार.
जन्मभर पिळलेल्या अवस्थेत उभा.
पीळ उतरला की गाडी बसते.

मी म्हटलं, सुंभ जळालं तरी पीळ जात नाही म्हणतात.
तो म्हणाला, ते सुंभाचं.
लोखंडाचा जातो. हळूहळू जातो, सांगत नाही.

पाच वाजता गाडी जमिनीवर उतरली.
मी पर्समधून माझा टेप काढला,
हबच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत.
डावं बावन्न. उजवं साडेपन्नास.
पुन्हा मोजलं. दुसऱ्यांची शेतं मोजताना
मी दीड सेंटीमीटर सोडत नाही.

शमुवेल हात पुसत आला.
एकट्याच चालवता ना?
बावीस वर्षं ड्रायव्हर उजव्याच अंगाला बसलाय.
शेजारी कुणी नसलं की हिला तोल मिळत नाही,
ती त्याच कुशीवर थकते.

शेजारी असतं की, मी म्हणणार होते.
नकाशांचं नळकांडं असतं, डबा असतो,
पावसाळ्यात दोन छत्र्या.

तो पुन्हा खाली सरकला. नुसते पाय दिसत होते,
एका मोज्याला भोक.
उजवीकडे दीड फेरा जास्त देतो, आतून आवाज आला,
तुमच्यापुरता.
पाना कुरकुरला. कोपरा वर आला,
झोपेतून उठवलेल्या माणसासारखा, नाखुशीनं.

ब्रेकच्या नळ्या ताणत नाहीत ना पाहिलं.
अलाइनमेंट उद्या, म्हणाला, तोवर दामटू नका.

चढताना दाराच्या खांबाला धरावं लागलं.
सिग्नलला रिक्षाचं टप दिसलं वरून,
त्यावर कुणाची तरी एकच चप्पल.

फाटा आला. गतिरोधक आला.
मी पहिला गिअर टाकला, श्वास धरला
आणि सवयीनं सीटवरून बोटभर उचलले गेले,
जणू घासतं ते माझंच वजन.
चाकं चढली.
चाकं उतरली.
खाली कशालाच काही लागलं नाही.

मागच्यानं हॉर्न दिला
तेव्हा लक्षात आलं,
मी अजून वरच होते.