अर्धा इंच माया

पहाटेचं पाणी भरून झालं की
चारकोपच्या सोसायटी हॉलमध्ये
आम्ही अकरा जण आपापली शरीरं घेऊन येतो.
कोपऱ्यात मागच्या गणपतीचं मखर, पाय मोडलेला कॅरम-स्टँड,
आणि केणी सरांनी रचलेली घोंगड्यांची थप्पी.

मी ब्लाउज शिवते. एकतीस वर्षं.
उजवा पाय पायडलवर, मान खाली,
डोळा सुईच्या टोकाला.
म्हणून वज्रासनात बसले की
आधी उजवा घोटा बोलतो,
मग गुडघा त्याच्यावर ओरडतो,
आणि पाऊल मुंग्या आणून
भांडणातून अंग काढून घेतं.

पहिला आठवडा कुणाला सांगितलं नाही.
गिऱ्हाईक समोर उभं असताना
बोटात सुई गेली तर आपण सांगतो का?
बोट तोंडात घालतो, पुढची शिवण घेतो.

केणी सर ओळीतून फिरताना थांबले.
म्हणाले, तोंड हसतंय तुमचं,
अंगठा का आवळलाय?
पिंढऱ्या आणि मांड्यांच्या मध्ये घोंगडीची घडी सरकवली,
घोट्यांखाली नॅपकिनची गुंडाळी.
ओढ वाटली तर तिथे थांबा, म्हणाले,
कळ आली तर मागे या.
मागे यायचे पैसे पडत नाहीत.

ओढ आणि कळ.
घरी येताना भाजीवालीसमोर उभी राहून
मी हेच दोन शब्द चाचपत होते,
पोताचा कपडा चाचपतात तसे.
मेथी घ्यायची राहिली.

आमच्यात फिलोमिना आहे, मान वर केली की
तिला हॉल फिरताना दिसतो.
ती खिडकीचा गज धरून वृक्षासन करते,
गजावरची कबुतरं उडत नाहीत आता.
पाध्ये काका पवनमुक्तासनात एकदा
आसनाच्या नावाला जागले.
आधी कुणीच हसलं नाही.
मग काकाच हसले, आणि सगळा हॉल सुटला,
माझ्या पोटरीतला गोळासुद्धा.

मनगटाचं मात्र अवघड आहे.
कात्रीचा हात. तळवा जमिनीला टेकला की
आत कुणीतरी काज करत असल्यासारखं.
मी मुठी टेकते. सर बघतात, काही बोलत नाहीत.
त्रिकोणासनात कंबर अडली
तेव्हा पाऊल जरा तिरकं घ्या म्हणाले,
आणि मी मनात म्हटलं, उरेब!
उभं ओढलं तर जे कापड हटून बसतं
तेच उरेब धरलं की येतं.
हे मला माहीत होतं.
दुसऱ्यांच्या कापडाबद्दल माहीत होतं.

काल शेजवलकर वहिनी आल्या.
बावीस वर्षांपूर्वीचा ब्लाउज, जांभळा,
आता लेकीला घालायचाय, तिला घट्ट होतो.
मी बगलेची शिवण उसवली.
आत अर्धा इंच माया,
मीच सोडलेली.
बाहेरचा जांभळा विटून राखेसारखा झालेला,
आतला मात्र दुकानातून आणला तसा.
ऊन लागलं नव्हतं त्याला. घाम नाही. कुणाची नजर नाही.
किती तरी वेळ मी तो पट्टा
बोटांत धरून बसले होते,
मशीनचा दिवा तसाच चालू.

शिवताना आपण विचार करत नाही.
हात आपोआप सोडतो,
पुढे कधी तरी लागेल म्हणून.
माझ्या गुडघ्यात कुणी सोडली असेल का?
पाठीत, या मानेच्या टाक्यांत?
की माझं माप घेणाऱ्याला
त्या दिवशी कापड कमी पडलं?

माहीत नाही.
आज सकाळी परत बसले.
टाचा आणि बूड यांच्यात अजून दोन बोटं हवा आहे,
तिथे घोंगडी आहे.
पंखा कुरकुरत होता, फिलोमिना गजापाशी.
घोटा बोलला.
मी म्हटलं, बोल.