शनिवारची सर्जरी

पाटीवर लिहिलं होतं: सर्जरी, शनिवारी दहा ते बारा.
मला वाटलं, बाई डॉक्टर असतील.
वर्किंग्टनच्या वाचनालयात, मुलांच्या कोपऱ्यात,
डायनोसॉरच्या पुस्तकांना पाठ टेकून
खासदार मॉरीन थ्रेलकेल्ड बसल्या होत्या
ठेंगण्या पिवळ्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीशी.
कापाकापी काही नव्हती.
एक पेन्सिल, एक वही, निवलेला चहा.

आमच्याकडे मामलेदार कचेरीच्या पायरीशी
माणसांच्या आधी चपला थरथरायच्या.
माझी बोटं नकळत बुटाच्या नाडीकडे गेली,
परत आली.

पुढे तिघं होती.
टायसन आजोबांनी जॅमच्या बरणीत
न्हाणीघराची बुरशी खरवडून आणलेली,
झाकण घट्ट, जणू मुरायला घातलेलं लोणचं.
"वास घ्या," म्हणाले.
बाईंनी घेतला. खोकल्या.
वहीत लिहिलं: वास घेतला.
एक मुलगी नुसतीच रडली, पाच मिनिटं.
तिचं काम तेवढंच होतं.
तिसऱ्या गृहस्थांना कुत्र्यांच्या घाणीविरुद्ध
कायदा हवा होता. आजच्या आज.

"मी इथली नाही," मी सुरुवात केली.
"मत देता ना?"
देते. पासपोर्टवर सिंह आहेत,
मत मात्र इथे चालतं.
"मग इथल्याच. बोला."

रात्रपाळीत जुळवून ठेवलेली वाक्यं
सगळी विसरले.
उरलं एवढंच, की साडेदहाची बस बंद केली,
केअर होममधून मी सुटते दहाला,
पुढे पावणेतीन मैल, अंगावर समुद्राचा वारा,
आणि वाटेत दोन दिवे मेलेले.
"मेलेले"ला इंग्रजी सुचेना. बंद म्हणाले.
पण ते बंद नव्हते, मेलेलेच होते.

सरकारी काम अन् सहा महिने थांब:
ही म्हण मी डब्यासारखी बरोबर नेली होती.
लगेच उघडावी लागली नाही.

पुढच्या शुक्रवारी रात्री दहाला
फाटकात बाई उभ्या. एकट्या.
ना कॅमेरा, ना हारतुरे,
ना "बाजूला व्हा, बाजूला व्हा" करणारं कोणी.
"चला, दाखवा तुमचा रस्ता."

पहिला मैल त्या बोलल्या.
वडील पोलादाच्या कारखान्यात होते,
तो इथे होता, इथपासून पार तिथपर्यंत.
त्यांनी हात लांब केला,
त्या लांबीत आता नुसता अंधार.
दुसरा मैल वारा बोलला.
पहिल्या मेलेल्या दिव्याखाली
त्यांचा पाय डबक्यात गेला, घोट्याच्या वर,
आणि तोंडून जो शब्द निघाला
तो संसदेच्या कुठल्याच नोंदीत बसणारा नाही.
मी हसले. मग त्याही.
माझ्या दारापर्यंत तो बूट पचपचत राहिला.

पुढे काय?
प्रश्न विचारला गेला. फोनवर पाहिलं मी, अकरा सेकंद.
मंत्री म्हणाले, हे कौन्सिलचं काम.
कौन्सिल म्हणालं, बस कंपनीचं.
कंपनी म्हणाली, पण प्रवासी कुठायत?
प्रवासी रस्त्याने चालत होती.
तेव्हा मी माझा डबा उघडला.
शिळी झाली नव्हती म्हण.

बस आली नाही.
एका रात्री दुसरा दिवा लागलेला दिसला,
कुणी काही न कळवता.
मी उगाच त्याच्याखाली थांबून
हातमोजे काढले, पुन्हा घातले.
पहिला तसाच. डबकंही.

परवा परत गेले.
रांगेत टायसन आजोबा, या वेळी दोन बरण्या.
माझी पाळी आली तेव्हा
बाईंनी नाव विचारलं नाही.
वहीची पानं मागे मागे उलटली,
एका ओळीवर पेन्सिल टेकवली.
"पहिला दिवा," म्हणाल्या.

खाली नजर गेली माझी.
ठेंगण्या खुर्चीशी, गालिच्यावर,
पायात त्यांनी रबरी बूट घातले होते.