काळं अस्तर

वरच्या खोलीतला बागलकोटचा पोरगा गेला
तेव्हा डिपॉझिटातनं वजा केलं मी:
लाइट बिल, भिंतीतले खिळे,
हरवलेल्या किल्लीचे दीडशे.
टाकी न्यायला त्याला बसमध्ये जागा नव्हती.
"अक्का, चार मीन आहेत, बघा," म्हणाला,
आणि मासा म्हणजे रविवारी कढईत
एवढंच ठाऊक असलेली मी
हो म्हणून बसले.

शिलाई मशीनशेजारी ठेवली.
हुक लावता लावता मान वर केली
की नारिंगी काहीतरी वळायचं,
रिळावरनं दोरा सुटल्यागत.

मग वडगावातला आमचा रस्ता रुंद करायला आले.
पिवळ्या रेघेत समोरच्या तुकव्वाचं न्हाणीघर गेलं,
आणि जांभूळ.
दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला
माझ्या घरात ऊन आलं.
एकवीस वर्षांत पहिल्यांदा.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवला.

आठवड्यात पाणी हिरवं.
आधी कोथिंबीर धुतल्यागत,
मग पालक वाटल्यागत,
मग मासे आहेत हे नुसतं धरून चालायचं.
पाणी बदललं. परत बदललं.
आठ दिवसांनी येणारं नळाचं पाणी
शेजारणींच्या डोळ्यांदेखत गटारीत ओतलं.
काच घासली, स्पंज पिळला,
उपाशी असतील म्हणून दाणे जास्त टाकले.
ते आपलं दर खेपेला नव्या जोमानं हिरवं.
जाऊबाई म्हणाली, तुरटी फिरव.
खडा हातात घेतला आणि
ठेवून दिला.

शनिवार खुटाजवळ गुरुसिद्धप्पाचं दुकान.
त्यानं एकच विचारलं, "ऊन येतंय काय ओ?"
मी जांभळीचं सांगितलं.
तो बोटं मोडत म्हणाला,
"मूरु दिन बेळकु बेड, ऊटा बेड."
तीन दिवस उजेड नको, जेवण नको.
औषधाची बाटली मागितली, दिली नाही.
मग मी काय करू?
"एनू माडबेड्री. सुम्न बिड्री."

सुम्न.
बसमध्ये ह्याला मराठी शब्द शोधत आले.
उगी? गप? असंच?
एकही अंगाला बसेना,
कुठंतरी काखेत धरत होता.

वकिलांच्या कोटांचं काळं अस्तर होतं घरात,
साडेतीन मीटर. टाकी गुंडाळली,
चारी बाजूंनी टाचण्या मारल्या.
पहिल्या दिवशी हात शिवशिवले.
कापडामागं पंप गुरगुरत होता,
मी पाय मशीनवर ठेवून
काहीच शिवलं नाही.
दुसऱ्या रात्री करंट गेला.
गुरगुर थांबली.
तेवढ्यात आत टपकन काहीतरी झालं
आणि मी अंधारात त्या अंधाराला
कान लावून बसले,
करंट येईपर्यंत.
तिसऱ्या दिवशी विसरले.
खरंच विसरले, अकराचं ऊन
अस्तरावर येऊन तापून गेलं.

चौथ्या सकाळी टाचण्या काढल्या.
अजून जरा धुरकट, हलक्या चहासारखं,
पण पलीकडची भिंत दिसत होती,
भिंतीवरचं कॅलेंडर, त्यातली अमावास्या.
एक. दोन. तीन.
चौथा पंपामागं, बारीक झालेला, जिवंत.
आणि खाली वाळूत, अर्धी रुतलेली,
किल्ली.

बाही वर करून काढली.
वरच्या खोलीला लावून बघितली.
गंजली होती, पण फिरली.

कन्नड मला बोलता येतं, लिहिता येत नाही.
आपल्या अक्षरांत मेसेज टाकला:
नीर स्वच्छ आतप्पा.
किल्लीचं लिहिलं, खोडलं.
परत लिहिलं.
दीडशे रुपये कसे पाठवायचे ते
संध्याकाळी जाऊबाईच्या पोराला विचारायचं.

अकरा वाजत आले होते.
अस्तराचा एक पन्ना कापून
खिडकीला पडदा शिवायला घेतला,
जांभळीएवढा.