रुमालांचा काउंटर

दहाला पाच कमी असताना
आम्ही दाराशी दोन रांगांत उभे राहतो.
मी लागले तेव्हा दोन्हीकडचे मिळून चाळीस होतो,
आता सात.
दार उघडतं, आम्ही कमरेतून वाकतो,
आणि छत्रीवरचं बर्फ झटकून
कुदोबाई एकट्याच आत येतात,
चाळीस माथे अजून वाकलेले असावेत
इतक्या सावकाश.

लिफ्टच्या बटणांवर बंद मजल्यांची नावं तशीच आहेत.
पाचवर फर्निचर, सहावर किमोनो,
सातवर उपाहारगृह, जिथे मुलांच्या भाताच्या मुदीवर
कागदी झेंडा खोचलेला असायचा.
सात दाबलं तर दिवा लागतो, लिफ्ट हलत नाही.
कुदोबाई तरी दाबतात.
"माझी नाही," म्हणतात, "ही बोटाची सवय."

मग माझ्याकडे.
दर मंगळवारी एक रुमाल.
कधी निळ्या काठाचा, कधी कोपऱ्यात एवढंसं फूल.
एका माणसापाशी
इतका घाम, इतकी आसवं कुठून असणार?
मी विचारत नाही.
आठशे येन गल्ल्यात टाकताना
त्यात माझ्या पगाराची किती मिनिटं बसतात
तेवढं फक्त मोजते.

डबी कागदावर तिरकी ठेवायची,
एक वळसा, दुसरा, कोपरा आत,
चिकटपट्टीचा तुकडा एकच.
मिनेगिशी सरांनी तीन महिने
माझ्याकडून रिकामे खोके गुंडाळून घेतले होते.
करड्या कागदावर आमचे लाल सारस.
यंदा वरून निरोप आलाय, कागद जपून वापरा,
नवा छापायचा नाही.
मार्चनंतरचं कोणी काही बोलत नाही.

कुदोबाईंच्या हातात पिशवीही आमचीच,
बंद तुटला तो दोऱ्यानं शिवलेला.
बसमध्ये त्या ती मांडीवर धरतात,
सारस लोकांकडे तोंड करून.

परवाच्या रविवारी मी हायवेवरच्या मॉलमध्ये गेले.
आईसाठी डायपर हवे होते, मोठ्या माणसांचे.
आमच्या सात मजल्यांवर ते कधीच मिळाले नाहीत,
मजले चालू होते तेव्हासुद्धा.
ट्रॉलीत तीन गठ्ठे, वर तांदूळ,
आणि पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या मधे,
समोर कुदोबाई.

हातात आमची पिशवी.
सारसांच्या पाठीमागून डोकावत होती
मॉलची पिवळी पिशवी, विजेच्या किटलीचं खोकं,
साबणाची पावडर.

त्यांनी माझी ट्रॉली पाहिली.
मी त्यांची पिशवी पाहिली.
पळायला जागा दोघींनाही नव्हती,
मग आम्ही वाकलो, दोघीही, एकदमच,
दहा वाजताचं ते वाकणं
रविवारी दुपारी, पेट्रोलच्या वासात.
गिऱ्हाईक कोण आणि नोकर कोण, कळेना.
उठून पाहते तर
त्यांनी पिशवी फिरवली होती,
सारस आता त्यांच्या पायांकडे बघत होते.

मंगळवारी दहाला दार उघडलं.
वाकले, सरळ झाले, कोणी नाही.
दहा वीस. साडेदहा.
मी निळ्या काठाच्या घड्या मोडून
पुन्हा तशाच घातल्या.

पावणेअकराला आल्या. बटण दाबलं नाही.
म्हणाल्या, "दोन द्या आज.
एक तुमच्या आईंना, मऊसा बघून."

मी दोन्ही गुंडाळले. हात जरा चुकला,
पट्टीचा दुसरा तुकडा लावावा लागला.
दोन रुमालांना नियमानं छोटी पिशवी द्यायची,
मी खालच्या कप्प्यातून सगळ्यात मोठी काढली.
"ही राहू द्या," म्हटलं, "हिच्यात पुष्कळ मावतं."

त्या हसल्या नाहीत.
घडी उलगडली, हात आत घातला,
तळ दोनदा दाबून पाहिला,
ओझं पेलेल ना याचा अंदाज घेत,
आणि मान हलवली.