शैलीचा रकाना

शालिक धकातेला व्हायोलिन कोणी दिलं
याच्या तीन गोष्टी आहेत, तिन्ही त्यानेच सांगितलेल्या.
मला पटते ती अजनीची:
रेल्वे क्वार्टरमधले आर्थर मास्तर मुलीकडे पर्थला निघाले
आणि जाताना कोंबड्या शेजाऱ्याला,
व्हायोलिन याला देऊन गेले.
बापाने गोळीबार चौकातला माग थांबवून विचारलं,
"याच्यावर पोट भरते काय बे?"
"हनुवटी तं टेकते," हा म्हणाला, "पोटाचं मंग पाहू."

महालातल्या गुरुजींनी त्याला खाली बसवलं.
मांडी घाल. उजवा पाय पुढे. शेंडा घोट्यावर.
जी डी ए ई विसर, प सा प सा लाव.
तो विसरला नाही.
फक्त खुंट्या जास्त पिळू लागला.

मी त्याचा तबलजी, ढोलकीवाला, लुनाचा ड्रायव्हर.
एका डिसेंबरात, एकाच रात्री
सदरच्या चर्चमध्ये उभ्याने कॅरोल,
रामदासपेठेत डॉक्टरीणबाईंच्या मुलीचं अरंगेत्रम,
बारानंतर ताजबागेकडे कव्वाली.
मागच्या सीटवर तो तारा उतरवत-चढवत होता.
व्हेरायटी चौकात पोलिसाने शिट्टी मारली,
"हातात काय आहे?"
"सा," शालिक म्हणाला.

इंदोऱ्यात भीमजयंतीला गजाचे केस तुटत,
लोक टाचणीने त्याच्या शर्टाला नोटा लावत.
वडसाला झाडीपट्टीचं नाटक पहाटे पाचला संपे;
खलनायक आला की हा गज पार घोडीजवळ घासायचा,
पुढल्या रांगेतली पोरं आयांना चिकटत.
इतवारीच्या साडी दुकानाची जाहिरात, अकरा सेकंद,
त्यात त्याने मारवा घुसवला.
दुकानदार ऐकून म्हणाला, छान आहे,
पण साडी घ्यावीशी वाटत नाही.

मे महिन्यात शेचाळीसवर पारा,
लाकडाचे सांधे उकलत.
कुलरच्या टट्टीतला वाळा ओला करून
तो पेटीत ठेवायचा.
म्हणून काहीही वाजवायचं असो,
आधी वास यायचा,
सूर नंतर.

रेडिओच्या फॉर्मवर रकाना होता: शैली.
दीड इंचाचा.
"काऊन बे, काय लिहू?"
म्हटलं, घराणं लिही.
त्याने लिहिलं, गोळीबार चौक.
साहेब हसले नाहीत. फॉर्म परत आला.
पुढल्या वर्षी 'शास्त्रीय' लिहिलं. नापास.
त्याच्या पुढल्या वर्षी 'सुगम'. पास, बी ग्रेड.
त्या रात्री तो जेवला नाही.

मग नंदनवनच्या स्टुडिओत कीबोर्ड आला.
एकोणपन्नास नंबर दाबला की चाळीस व्हायोलिनं,
एकही उशिरा येत नाही, एकही चहा मागत नाही.
शालिकने सहा वर्षं शिकवण्या केल्या, पोरं सोडून गेली.
एकदा कीबोर्डवाल्याचाच फोन:
"काका, सुरात आहे सगळं,
पण कोणी वाजवून राहिलं असं नाही वाटत."
गेलो. त्या चाळिसांवर याने एक ओळ वाजवली,
मधेच गज थोडा घसरला.
तो म्हणाला, हेच राहू द्या.
पाचशे रुपये दिले.

परवा त्याला मेयोत नेलं, चामडीच्या ओपीडीत.
पोरगेला डॉक्टर. बॅटरी मारून पाहत होता:
गळ्याशी डावीकडे तपकिरी डाग, उजव्या घोट्यावर दुसरा,
मधे काहीच नाही.
"हे दोन वेगळे आजार दिसतात. कधीपासून?"
शालिकने आधी गळ्याचं साल सांगितलं,
मग घोट्याचं.
डॉक्टरने मलम लिहिलं, एकच,
निदानाची जागा कोरी सोडली.

घरी येऊन शालिकने ती चिठ्ठी चार घड्या केली
आणि घोडीच्या पायाखाली सारली.
तार पट्टीला घासत होती म्हणे कधीची.
बाप मागावर म्हणायचा तसं,
एक सूत कमी पडत होतं.